हळदीकुंकू बदक : जात एक की दोन?

प्रतिनिधी, मुंबई

पवई तलावाकाठी किंवा भांडुप-मुलुंडच्या खाडीलगत दुर्बीण घेऊन उभ्या राहणाऱ्याला हे बदक सहज ओळखता येते. काळ्या चोचीचे टोक पिवळे आणि मुळाशी लाल ठिपके. म्हणूनच मराठीत त्याला ‘हळदीकुंकू’ हे नाव पडले. मात्र पूर्वेकडे जाता जाता हे कुंकू पुसट होत जाते आणि पक्षिशास्त्रातील एका जुन्या वादाचे मूळही तेथेच आहे.

चीन, कोरिया व जपानमधील बदकांच्या चोचीवर लाल ठिपके नसतात. त्यांचा रंग अधिक गडद, गालावर काळसर पट्टा आणि पंखांवरील चकाकी हिरव्याऐवजी निळसर असते. दक्षिण आशियातील बदकाचे शास्त्रीय नामकरण १७८१ मध्ये फॉर्स्टर यांनी केले. पूर्वेकडील बदकाचे १८६६ मध्ये रॉबर्ट स्विन्हो यांनी. तरीही विसाव्या शतकात बराच काळ दोन्ही एकाच जातीच्या उपजाती मानल्या गेल्या. कारण म्यानमारच्या बाजूला आढळणारी तिसरी उपजात या दोहोंच्या मधली भासते.

आपापसात मुक्तपणे प्रजनन करतात ते एका जातीचे, ही व्याख्या अर्न्स्ट मायर यांनी १९४२ मध्ये रूढ केली. परंतु दोन गट एकत्र राहतच नसतील, तर ही कसोटी लावणार कशी? दक्षिण चीनमध्ये ती संधी मिळाली. तेथे म्यानमारकडील व पूर्वेकडील बदके एकाच परिसरात वीण करतात, पण त्यांचा संकर क्वचितच होतो, असे २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणांतून दिसले. त्यामुळे विभाजनाच्या बाजूला बळ मिळाले. आज प्रमुख जागतिक याद्यांत दोन्ही स्वतंत्र जाती आहेत.

अर्थात, बदकांच्या बाबतीत संकराची कसोटी निर्णायक नाही. रशियाच्या अतिपूर्वेस पूर्वेकडील बदकाचा मॅलार्डशी संकर होतो. म्हणून त्या दोघांना कोणी एक जात म्हणत नाही.

हा केवळ नावांचा खेळ नव्हे. ईशान्य भारतात दोन्ही बदके आढळतात. त्यामुळे तेथील जुन्या नोंदीत केवळ ‘हळदीकुंकू’ लिहिले असेल, तर नेमके कोणते, हा प्रश्न उरतो. १९८७ पासून दर जानेवारीत होणाऱ्या आशियाई पाणपक्षी गणनेतही जात चुकली की आकडा चुकतो, आणि एकीची घट दुसरीच्या संख्येआड झाकली जाते.

मुंबईकरांचे बदक मात्र तेच राहिले आहे. मराठी नावही आता त्यालाच अधिक शोभते. पूर्वेकडच्या भावंडाला हळद आहे, कुंकू नाही.