मत पोर्ट टॅलबोटमध्ये, निर्णय मुंबईत!

खासदार आपण निवडतो. पण आपल्या गावातला सगळ्यात मोठा कारखाना चालू ठेवायचा की बंद करायचा, हे ठरवतं कोण? वेल्समधल्या एका मतदारसंघाला हा प्रश्न गेली अनेक वर्षं छळतोय. आणि या गोष्टीचा एक धागा थेट आपल्या फोर्टातल्या 'बॉम्बे हाउस'पर्यंत येतो.

मोबाइलवर ब्रिटनचा नकाशा उघडा. पश्चिमेला वेल्स, त्याच्या दक्षिण किनाऱ्यावर स्वान्सी बे आणि त्याच्या पूर्व काठावर पोर्ट टॅलबोट. हा सगळा भाग 'आबेरावन मायस्टेग' मतदारसंघात येतो. वेल्श भाषेत 'आबेर' म्हणजे नदीचं मुख. आवन नदी समुद्राला मिळते ते ठिकाण म्हणजे आबेरावन. नाव अनोळखी वाटलं, तरी इथली दोन माणसं तुम्हाला नक्की माहीत असतील. अभिनेते रिचर्ड बर्टन आणि अँथनी हॉपकिन्स याच भागात जन्मले.

डोंगर, समुद्र आणि मधे कारखाना

इथला भूगोल कळला की राजकारण आपोआप कळतं. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मधे सपाट जमिनीची अरुंद पट्टी. घरं, रेल्वे, घरांच्या डोक्यावरून जाणारा एम-४ महामार्ग आणि पोलाद कारखाना, सगळं त्या पट्टीतच. डोंगरांच्या आत खोरी आहेत. त्यातल्या लिन्वी खोऱ्यात मायस्टेग हे कोळशाच्या खाणींचं गाव. तिथली शेवटची मोठी खाण, सेंट जॉन्स, १९८५ मध्ये बंद झाली. २०२४ मध्ये वेल्समधले लोकसभेसारखे मतदारसंघ ४० वरून ३२ वर आले, तेव्हा किनाऱ्यावरचं पोलाद आणि खोऱ्यातला कोळसा एकाच मतदारसंघात आले.

दुसऱ्या महायुद्धानंतर इथे 'अॅबी वर्क्स' हा अवाढव्य कारखाना उभा राहिला. १९६० च्या दशकात तिथे सुमारे १८ हजार लोक कामाला होते. आजोबा, बाबा, काका सगळे एकाच गेटातून आत जायचे. अशा गावात मतं कुणाला पडणार? अर्थातच मजूर पक्षाला. १९२२ मध्ये आबेरावनमधून रॅम्से मॅक्डोनाल्ड निवडून आले आणि १९२४ मध्ये ते ब्रिटनचे पहिले मजूर पंतप्रधान झाले. तेव्हापासून मजूर पक्षाने ही जागा एकदाही गमावलेली नाही. २०१५ पासून इथले खासदार आहेत स्टीफन किनॉक.

खासदार मुंबईला का आले?

आता गंमत बघा. २००७ मध्ये टाटा स्टीलने 'कोरस' ही कंपनी विकत घेतली आणि पोर्ट टॅलबोटचा कारखाना टाटांकडे आला. पुढच्याच वर्षी जागतिक मंदी आली. त्यानंतर चीनचं स्वस्त पोलाद आणि ब्रिटनमधली महाग वीज यांनी कारखान्याचं गणित आणखी बिघडवलं. मार्च २०१६ मध्ये कंपनीच्या संचालकांची मुंबईत बैठक होती. किनॉक आणि कामगार युनियनचे नेते बाजू मांडायला विमानाने मुंबईत आले. म्हणजे ज्या निर्णयावर मतदारांचं घर चालतं, त्यासाठी खासदाराला लंडनची संसद सोडून दुसऱ्या देशातल्या बोर्डरूमचं दार ठोठवावं लागलं! बैठकीनंतर ब्रिटनमधला व्यवसाय विकायची तयारी कंपनीने जाहीर केली. पुढे विक्री टळली, पण प्रश्न सुटला नाही.

भट्टी विझली

ब्लास्ट फर्नेसमध्ये, म्हणजे झोतभट्टीत, लोहखनिज आणि कोक टाकून लोखंड वितळवतात. त्यातून प्रचंड कार्बन बाहेर पडतो. पोर्ट टॅलबोटच्या जुन्या भट्ट्या रोज दहा लाख पौंडांचा तोटा करताहेत, असं कंपनीचं म्हणणं होतं. त्याऐवजी भंगार लोखंड विजेवर वितळवणारी इलेक्ट्रिक आर्क फर्नेस उभारायची, असं ठरलं. खर्च सव्वा अब्ज पौंड, त्यातले ५० कोटी सरकारचे. यामुळे ब्रिटनचं एकूण कार्बन उत्सर्जन सुमारे दीड टक्क्याने कमी होईल, असा अंदाज.

ऐकायला झकास. पण नव्या भट्टीला माणसं फार कमी लागतात. ब्रिटनभरातल्या सुमारे २८०० नोकऱ्या जाणार आणि त्यातल्या बहुतेक इथल्याच. नवी भट्टी तयार होईपर्यंत एक जुनी चालू ठेवा, ही युनियनची मागणी कंपनीने खर्चाचं कारण देत नाकारली. एक भट्टी जुलै २०२४ मध्ये विझली, दुसरी ३० सप्टेंबरला. त्याच सप्टेंबरमध्ये टाटा स्टीलने ओडिशातल्या कलिंगनगरला भारतातली सर्वांत मोठी ब्लास्ट फर्नेस सुरू केली. पोर्ट टॅलबोटच्या रोलिंग मिल आज बाहेरून, अगदी भारतातूनही, आलेल्या पोलादावर चालतात. मग कार्बन खरंच कमी झाला, की त्याने फक्त पत्ता बदलला? यावर तुमच्या वर्गात मस्त वाद रंगू शकतो.

रागाचं मत

नोकरीची भीती मतपेटीतही उतरते. २०१६ च्या ब्रेक्झिट सार्वमतात नीथ पोर्ट टॅलबोट परिसरातल्या सुमारे ५७ टक्के मतदारांनी 'बाहेर पडा' म्हटलं. २०२४ मध्ये किनॉक सुमारे दहा हजार मतांनी जिंकले, पण दुसऱ्या क्रमांकावर हुजूर पक्ष नव्हता, रिफॉर्म यूके होता. एप्रिल २०२५ मध्ये इंग्लंडमधल्या स्कन्थॉर्पच्या भट्ट्या वाचवायला चक्क शनिवारी संसद बोलावली गेली. पोर्ट टॅलबोटचा सवाल साधा होता: मग आम्हाला का नाही वाचवलंत? दोनच महिन्यांत रिफॉर्मचे नायजेल फराज गावात येऊन म्हणाले, ब्लास्ट फर्नेस पुन्हा आणू. थंड पडलेली झोतभट्टी बटण दाबून चालू होत नाही, हे पोलादाचं काम केलेल्यांना कुणी सांगायला नको. पण हाताला काम नसलं की अशक्य आश्वासनही ऐकावंसं वाटतं.

मित्रांनो, यात सरळसोट व्हिलन शोधायला जाल तर हाती काही लागणार नाही. तोटा खरा होता, प्रदूषण खरं होतं आणि बेकार झालेली माणसंही तितकीच खरी आहेत. चुकलं ते वेळेचं गणित. जुनं आधी बंद झालं आणि नवं अजून उभं राहतंय. मधल्या वर्षांचा भार कारखान्यातल्या माणसांनी उचलला.

तुमच्यापैकी अनेकांचं करिअर याच 'हरित बदलां'च्या काळात घडणार आहे. तेव्हा पुढच्या वेळी मत मागायला कुणी दारात आलं, तर त्यांना एवढंच विचारा: इथला कारखाना बदलेल तेव्हा मधल्या चार वर्षांत इथल्या माणसांचं काय, हे कोण ठरवणार? आणि ते ठरवताना तुम्ही त्या खोलीत असाल का?