गोफ : हौसेचा आणि हिशेबाचा

हौसेला मोल नसते असे म्हणण्याची आपल्याकडे पद्धत आहे. सराफाच्या पेढीवरील पावतीला मात्र ही म्हण मान्य नाही. तेथे हौसेचे मोल शेकडेवारीने लावलेले असते आणि ते 'घडणावळ' या निरुपद्रवी शब्दाखाली बसलेले असते. पुरुषाच्या गळ्यातील सोन्याची साखळी, म्हणजे जुन्या नावाने गोफ आणि आजच्या बोलीत चेन, ही या दृष्टीने मोठी उद्बोधक वस्तू आहे. स्त्रीच्या दागिन्यांमागे स्त्रीधनाची, अडीअडचणीच्या आधाराची कल्पना तरी असते. पुरुषाचा गोफ बहुतेक घरांत प्रथम येतो तो लग्नाच्या निमित्ताने, आणि तोही दुसऱ्याच्या पैशाने.

याद्यांच्या बैठकीचे दृश्य अनेकांच्या परिचयाचे असेल. मुलाकडची मंडळी 'आमचे काही मागणे नाही' असे आरंभीच सांगून टाकतात. चहा होतो, पोहे होतात आणि उठता उठता कोणी वडीलधारे 'मुलाच्या गळ्यात काहीतरी असावे' एवढेच सुचवितात. या 'काहीतरी'चे वजन दीड तोळा की दोन तोळे, हे मग मध्यस्थ कानात सांगतो. मुलीचे वडील शिक्षक किंवा कारकून असतील, तर भविष्यनिर्वाह निधीच्या अर्जाचा कागद त्याच आठवड्यात बाहेर पडतो. अशा रीतीने ठरलेला गोफ विकत घेताना 'कोणता घ्यावा' हा प्रश्न खऱ्या अर्थाने कोणी विचारीतच नाही. वजन याद्यांनी ठरविलेले असते, नमुना जावयाने पसंत केलेला असतो आणि उरलेले सारे सराफावर सोपविलेले असते.

ही निष्काळजी केवळ स्वभावातून आलेली नाही. तिला इतिहास आहे. चीन-युद्धानंतर, जानेवारी १९६३ मध्ये, केंद्र सरकारने सुवर्ण नियंत्रणाचे नियम आणले आणि नवे दागिने १४ कॅरटपेक्षा अधिक शुद्धतेचे करण्यास मनाई केली. मोरारजी देसाई त्या वेळी अर्थमंत्री होते. लोकांनी १४ कॅरटचे सोने आपलेसे केले नाही. असंख्य सोनारांचा धंदा मात्र बसला. १९६६ मध्ये हे शुद्धतेचे बंधन उठले, पण १९६८ च्या सुवर्ण नियंत्रण कायद्याने खासगी व्यक्तीला सोन्याच्या चिपा वा लगडी बाळगण्यास बंदी कायम ठेवली. याचा अर्थ असा की ज्याला सोन्यात बचत करावयाची होती, त्याला ती मुख्यतः दागिन्याच्याच रूपात करणे भाग होते. हा कायदा १९९० मध्ये रद्द झाला. त्याने घट्ट केलेली सवय मात्र रद्द झाली नाही. दागिना म्हणजेच बचत, ही समजूत आजही मध्यमवर्गाच्या मनात तितकीच पक्की आहे.

पावतीचे अंकगणित

ही समजूत कितपत खरी आहे, हे एका साध्या उदाहरणाने पाहता येईल. हिशेबाच्या सोयीसाठी शुद्ध सोन्याचा भाव १० ग्रॅमला एक लाख रुपये धरू. २२ कॅरटच्या सोन्यात शुद्ध सोने ९१.६ टक्के असते. म्हणून १५ ग्रॅमच्या साखळीतील सोन्याची किंमत १,३७,४०० रुपये होईल. घडणावळ १२ टक्के असेल तर तिचे १६,४८८ रुपये. एकूण रकमेवर ३ टक्के वस्तू व सेवा कर, म्हणजे सुमारे ४,६१७ रुपये. गिऱ्हाइकाने मोजावयाची रक्कम झाली १,५८,५०५ रुपये. आता हीच साखळी भाव न बदलता मोडावयाची वेळ आली आणि सराफाने दोन टक्के घट धरली, तर हाती येतील १,३४,६५२ रुपये. दुकानाची पायरी उतरून पुन्हा चढण्याची ही किंमत जवळजवळ २४ हजार रुपये आहे. एवढे भरून निघण्यासाठी सोन्याचा भाव सुमारे १८ टक्क्यांनी वाढावा लागेल.

घडणावळ १२ ऐवजी ६ टक्के असती, तर तीच साखळी १,५०,०१३ रुपयांत पडली असती. केवळ नमुन्याच्या निवडीत साडेआठ हजार रुपयांचा फरक पडतो. साध्या कड्यांच्या साखळीला घडणावळ कमी पडते आणि गुंतागुंतीच्या विणीला ती वाढते, हे उघड आहे. ती किती लावावयाची हे पेढीगणिक बदलते आणि ती कमी करून मागता येते, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. सोन्याच्या भावाची चौकशी चार दुकानांत करणारा माणूस घडणावळीची चौकशी एकाही दुकानात करीत नाही. वास्तविक भाव सर्वत्र जवळपास सारखा असतो. फरक असतो तो याच ओळीत. पुढे अडचणीत साखळी तारण ठेवण्याची वेळ आली, तर कर्ज देणारी बँकही सोन्याचे वजन आणि कस तेवढा पाहते. घडणावळ तिच्या हिशेबी शून्य असते.

कोणी म्हणेल, सोन्याचा भाव तर वर्षानुवर्षे वाढतच आला आहे. मग या घासाघिशीचे महत्त्व काय? भाव वाढला हे खरे, पण तो साखळीचा वाढला नाही, साखळीतील सोन्याचा वाढला. तीच वाढ नाण्यातून वा चिपेतून कमी खर्चात मिळू शकते. रोख्याच्या स्वरूपातही सोने घेता येते. सुवर्णनिधींचे व्यवहार भारतीय शेअरबाजारात २००७ पासून होत आहेत. सरकारचे सुवर्ण रोखे नोव्हेंबर २०१५ पासून फेब्रुवारी २०२४ पर्यंत विक्रीस होते आणि त्यांवर व्याजही मिळत असे. ज्याला केवळ बचत करावयाची आहे, त्याने ती गळ्यात घालून हिंडण्याचे कारण उरलेले नाही.

कस आणि झाळ

साखळी घालण्यासाठीच घ्यावयाची असेल, तर विचाराची दिशा बदलते. शुद्ध सोने मऊ असते. त्यात तांबे, चांदी इत्यादी धातू मिसळले की ते कठीण होते. २२ कॅरटची नाजूक साखळी रोज अंगावर राहिली, तर कड्या एकमेकींवर घासून झिजतात आणि सर्वांत आधी झिजते ती आकड्याजवळची कडी. जड लॉकेट अडकविले असेल तर झीज एकाच जागी होते. नोकरीवर जाणाऱ्या, गर्दीच्या लोकलमध्ये चढणाऱ्या माणसाला १८ कॅरटची, म्हणजे ७५ टक्के सोन्याची साखळी अधिक टिकाऊ ठरते. ज्या १४ कॅरटला १९६३ मध्ये लोकांनी नाके मुरडली, ते आज हौसेने घेतले जाते. २०२५ मध्ये तर ९ कॅरटच्या दागिन्यांचाही हॉलमार्कच्या योजनेत समावेश झाला. कायद्याने जे साधले नाही ते भावाने साधले, असे म्हणावयास हरकत नाही. मात्र कमी कसाचे सोने विकताना भावही कसाप्रमाणेच येणार, हे लक्षात असावे.

साखळीच्या बाबतीत झाळेचा प्रश्न विशेष महत्त्वाचा असतो. पाटली किंवा अंगठीला झाळ एकदोन ठिकाणी लागते. साखळीला जितक्या कड्या तितके सांधे असू शकतात. पूर्वी झाळेसाठी तांबे आणि चांदी यांचे मिश्रण वापरीत, त्यामुळे दागिना वितळविला की कस उतरलेला आढळे. त्यावर उपाय म्हणून कॅडमियमची झाळ आली आणि 'केडीएम' ही अक्षरे शुद्धतेची खूण म्हणून पाट्यांवर झळकू लागली. कॅडमियमची वाफ कारागिराच्या फुफ्फुसांना आणि मूत्रपिंडांना घातक असते. मानकांनी तिला मनाई केली आहे. तरीही केडीएम म्हणजे उत्तम, असे मानणारे गिऱ्हाईक आजही भेटते. आपल्या गळ्यातील चकाकीसाठी दुसऱ्याची छाती जळत होती, ही गोष्ट त्याला कोणी सांगितलेली नसते.

कस पारखण्याचे काम आता गिऱ्हाइकाच्या नजरेवर सोडलेले नाही. भारतीय मानक ब्यूरोची हॉलमार्कची योजना २००० साली सुरू झाली आणि जून २०२१ पासून ती २५६ जिल्ह्यांत सक्तीची झाली. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा स्वतंत्र क्रमांक आवश्यक झाला. ब्यूरोचे चिन्ह, शुद्धतेचा आकडा आणि हा क्रमांक, अशा तीन खुणा साखळीच्या आकड्याजवळ भिंगातून पाहाव्यात. २२ कॅरटसाठी ९१६, १८ साठी ७५० आणि १४ साठी ५८५ हा आकडा असतो. क्रमांक ब्यूरोच्या 'बीआयएस केअर' या मोबाइलवरील सोयीने पडताळून पाहता येतो. कस कमी निघाल्यास तुटीच्या किमतीच्या दुप्पट भरपाई आणि तपासणीचा खर्च मिळण्याची तरतूद २०१८ च्या नियमांत आहे. अर्थात, हा हक्क पक्की पावती घेणाऱ्याचा. कर वाचविण्यासाठी साध्या कागदावर हिशेब लिहून घेणारा माणूस आपला पुरावा आपल्याच हाताने फाडीत असतो.

पोकळ साखळीविषयीही दोन शब्द सांगावयास हवेत. कमी वजनात जाड दिसावी म्हणून ती केलेली असते. ती चेपते आणि तुटली की नीट सांधता येणे कठीण असते. रुंदी पाहून भुलण्यापेक्षा वजनाचा आणि रुंदीचा मेळ बसतो की नाही, हे पाहिलेले बरे. वजनाच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी हवी. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा होता. आज पेढीवर तोळा म्हणजे १० ग्रॅम. घरातील आजोबांचा दोन तोळ्यांचा गोफ आणि आजचा दोन तोळ्यांचा गोफ यांत सव्वातीन ग्रॅमचे अंतर आहे.

सोन्याव्यतिरिक्त चांदी आणि प्लॅटिनम हे पर्याय आहेत. चांदीची साखळी हवेतील व घामातील गंधकाने काळवंडते, पण पुसली की उजळते आणि खिशाला झेपते. कोल्हापूर जिल्ह्यातील हुपरी हे गाव तर चांदीकामावरच उभे आहे. प्लॅटिनमच्या दागिन्यांत बहुधा ९५ टक्के शुद्ध धातू असतो. तो सोन्यापेक्षा जड असल्याने त्याच घडणीच्या साखळीला अधिक वजन लागते आणि मोडीला गिऱ्हाईक शोधावे लागते. सोन्याची मोड मात्र कोठेही खपते. सांगली जिल्ह्यातील विटा-खानापूर-आटपाडी भागातील गलाई कारागीर देशभरच्या सराफ बाजारांत वर्षानुवर्षे सोने गाळीत बसले आहेत. आजचा गोफ उद्या त्यांच्या मुशीत जाऊन परवा कोणाच्या तरी मंगळसूत्रातील वाटी होतो. मुशीत घडणावळ जळून जाते, सोने राहते.

प्रश्न याद्यांचा

इतके सारे जाणून घेऊनही मूळ प्रश्न शिल्लक राहतो. हा खर्च कोणी करावयाचा? १९६१ च्या हुंडाप्रतिबंधक कायद्याने विवाहाच्या संदर्भात प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष दिलेली मौल्यवान वस्तू हुंडाच ठरविली आहे. हुंडा घेणाऱ्यालाच नव्हे, देणाऱ्यालाही शिक्षा सांगितली आहे आणि नुसती मागणी करणे हाही गुन्हा मानला आहे. मागणी न करता दिलेल्या भेटींना सवलत आहे, पण १९८५ च्या नियमांप्रमाणे त्यांची यादी ठेवावी लागते आणि देणाऱ्याच्या ऐपतीच्या मानाने त्या अवाजवी असता कामा नयेत. बैठकीतील याद्या तत्परतेने होतात. कायद्याने सांगितलेली ही यादी किती घरांत होते, याचे उत्तर ज्याने त्याने आपल्या घरापुरते द्यावे.

गोफाची मागणी नाकारली तर स्थळ जाईल, ही मुलीच्या बापाची भीती खोटी नाही. म्हणूनच हा निर्णय त्याच्यावर सोडणे अन्यायाचे आहे. नाही म्हणावयाचे ते मुलाने म्हटले पाहिजे. शिकलेला, मिळवता तरुण आपल्या गळ्यातील अलंकारासाठी दुसऱ्याच्या निवृत्तीच्या पुंजीकडे पाहतो, याला हौस म्हणता येत नाही. त्याला साखळी घालावयाची असेल तर त्याने ती आपल्या पगारातून, झेपेल तेवढ्या वजनाची घ्यावी. तसे झाले की कोणती साखळी निवडावी हा प्रश्नही निम्मा सुटतो. कारण स्वतःच्या पैशाने खरेदी करणारा माणूस पावतीच्या सगळ्या ओळी वाचतो.