मौनातून निघालेली शीळ

अहिल्यानगरजवळच्या अरणगावात, मेहेराबादच्या टेकडीवर, मेहेरबाबांची समाधी आहे. जन्म पुण्याचा, 1894 चा. घर इराणी, शिक्षण डेक्कन कॉलेजात. 10 जुलै 1925 रोजी त्यांनी बोलणं थांबवलं आणि 31 जानेवारी 1969 ला देह ठेवीपर्यंत, म्हणजे जवळजवळ चव्वेचाळीस वर्षं, मौन सोडलं नाही. आधी अक्षरांच्या फळीवर बोट ठेवून आणि 1954 नंतर नुसत्या हातवाऱ्यांनी ते संवाद साधत. देशोदेशीच्या भक्तांना ते तारा धाडत. त्यांतलं एक वाक्य पुढे कार्डांवर आणि पोस्टरांवर छापलं गेलं : 'डोन्ट वरी, बी हॅपी'.

असंच एक पोस्टर सॅन फ्रान्सिस्कोत 'टक अँड पॅटी' या जॅझ जोडीच्या घरी भिंतीवर होतं. बॉबी मॅकफेरिन या गायकाच्या ते नजरेला पडलं. चार शब्दांत एवढं सगळं मावतं, याची त्याला गंमत वाटली आणि त्याचं गाणं झालं.

1988 मध्ये ते 'सिंपल प्लेझर्स' या अल्बममध्ये आणि 'कॉकटेल' या चित्रपटात आलं. 24 सप्टेंबरला ते अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत पहिलं आलं आणि दोन आठवडे तिथेच राहिलं. आधीचे दोन आठवडे ती जागा गन्स एन रोझेसच्या गिटारींनी दणाणत होती. मॅकफेरिनच्या गाण्यात मात्र एकही वाद्य नव्हतं. वाद्यांशिवायचं गाणं त्या यादीत पहिलं येण्याची ही पहिलीच वेळ. पुढच्या वर्षी ग्रॅमीत 'साँग ऑफ द इयर' आणि 'रेकॉर्ड ऑफ द इयर' हे दोन्ही मान त्यालाच मिळाले.

हे गाणं हेडफोन लावून ऐकावं. सुरुवातीला शीळ. मग खालून खर्जातला एक आवाज बासगिटारचं काम करू लागतो, वर दुसरा हलका सूर धरतो, मध्ये कुठेतरी ताल पडतो. हे सगळं एकाच माणसाचं : एकेक आवाज वेगळा मुद्रित करून थरावर थर चढवलेला. ऐकताना वाटतं, कुणी नाक्यावर उभं राहून सहज गुणगुणतंय. ही सहजता घडवलेली आहे. मॅकफेरिनला ती घरातूनही मिळाली असावी, कारण वडील रॉबर्ट मॅकफेरिन 1955 मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात गायले, तिथे गाणारे ते पहिले कृष्णवर्णीय पुरुष.

भोळं गाणं, अशी त्याची टिंगलही झाली. पण शब्दांकडे कान द्या. घरमालक भाड्यासाठी कोर्टाची भाषा करतोय, खिशात पैसा नाही, डोकं टेकायला जागा नाही. गाणारा संकटं नाकारत नाही, ती मोजून दाखवतो आणि मग शीळ घालतो. मेहेरबाबांच्या सांगण्यातही आधी शर्थ करण्याची अट होती, काळजी सोडायची ती त्यानंतर. मला वाटतं, गाणं टिकलं ते या खाचखळग्यांमुळे. नुसतं गोड असतं तर दोन दिवाळ्यांत विसरलो असतो.

1988 मध्येच जॉर्ज बुश (थोरले) यांच्या अध्यक्षपदाच्या प्रचारात ते गाणं वाजू लागलं. मॅकफेरिनने हरकत घेतली. पुढे मंचावर त्याने ते गाणंच सोडून दिलं. पण गाण्याला आता त्याची गरज उरली नव्हती. फळीवर बसवलेला खेळण्यातला मासाही तेच गाऊ लागला! लोकांनी तर ते बॉब मार्लीच्या नावावर चढवलं. मार्ली 1981 मध्येच वारला होता, पण रेगेचा डुलता ठेका ऐकला की असं वाटणं साहजिक. कर्त्याचं नाव पुसलं जाऊन रचना लोकांच्या तोंडी राहते, हे आपल्याला ओव्यांमुळे चांगलंच ठाऊक आहे.

दरवर्षी 31 जानेवारीला मेहेराबादला देशविदेशातून हजारो माणसं जमतात. दुपारी काही वेळ सगळे गप्प होतात. ज्याच्या वाक्यावर जग शीळ घालतं, त्याला आठवायचं तर हीच रीत शोभते.