टिकाऊपणाचे शास्त्र आणि पोटापाण्याचा प्रश्न

बारावीचे निकाल लागले की आमच्यासारख्या महाविद्यालयीन अध्यापकांच्या घरी पालकांची ये-जा सुरू होते. यंदा त्यांत जिल्हा परिषदेत नोकरीस असलेले एक गृहस्थ होते. मुलाला विज्ञान शाखेत बरे गुण मिळालेले. हातात एका खासगी विद्यापीठाचे गुळगुळीत कागदावरचे माहितीपत्रक, आणि त्यात 'शाश्वतता विज्ञान' या विषयाची पदवी. तिचे शुल्क ऐकून प्रस्तुत लेखकास स्वतःच्या भविष्यनिर्वाह निधीची आठवण झाली. गृहस्थांचा प्रश्न मात्र साधा होता. "सर, हे शिकून मुलगा नेमका कोण होणार?" वैद्यकी शिकणारा डॉक्टर होतो, कायदा शिकणारा वकील होतो, हे शिकणाऱ्यास काय म्हणावयाचे? माहितीपत्रकात 'उज्ज्वल संधी' यापलीकडे त्याचे उत्तर नव्हते.

प्रश्न पोटापाण्याचा आहे म्हणून तो हलका ठरत नाही. कर्ज काढून शुल्क भरणाऱ्या बापाला तो विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे, आणि आपण अध्यापकांनी त्याला टोलवाटोलवीचे उत्तर देणे बरे नव्हे.

प्रथम नावाविषयी. 'शाश्वत' हा शब्द आपल्याकडे आत्म्यासाठी राखून ठेवलेला. पिके, विहिरी आणि कारखाने यांच्या बाबतीत तो जरा भारीच वाटतो. बाजारात बादली घेताना आपण 'टिकाऊ आहे का' असे विचारतो. या शास्त्राचा प्रश्नही तेवढाच आहे. ब्रुंटलंडबाईंच्या अध्यक्षतेखालील जागतिक आयोगाने १९८७ साली तो प्रथम व्यापक प्रमाणावर मांडला. पुढच्या पिढ्यांची सोय न मोडता आजच्या गरजा भागविता येतील काय, असे त्याचे स्वरूप होते. त्याला शास्त्राचे रूप मात्र २००१ च्या सुमारास आले, आणि अमेरिकेत ॲरिझोना राज्य विद्यापीठाने २००६ मध्ये त्याचे स्वतंत्र विद्यालयच काढले. या शास्त्राचे वेगळेपण असे की ते विषयापासून नव्हे, तर अडचणीपासून सुरू होते. अडचण समोर ठेवावयाची आणि तिच्या उलगड्यासाठी भूशास्त्र, रसायन, संख्याशास्त्र, अर्थशास्त्र, जे लागेल ते बोलवावयाचे.

आपल्या महाविद्यालयांत हा विषय नवा नाही. सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९९१ रोजी महेशचंद्र मेहता यांच्या याचिकेवर निर्णय देताना पर्यावरणाचे शिक्षण सक्तीचे करण्याची दिशा दाखविली. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने सर्व शाखांच्या पदवी विद्यार्थ्यांसाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आखला, आणि त्यात क्षेत्रभेटीसाठी पंचवीस गुण ठेवले. कल्पना उत्तम होती. तिचे पुढे काय झाले ते सांगण्यास मी अधिकारी आहे, कारण ते होण्यात माझाही हात आहे. विषय सक्तीचा, पण त्यासाठी अध्यापक नेमलेला नाही. म्हणून ज्याचा कार्यभार कमी पडेल त्याच्या गळ्यात तो घालावयाचा, ही रीत. काही वर्षे तो माझ्या गळ्यात होता. एका वर्षी आमच्या गावच्या नदीवर दोनशेहून अधिक प्रकल्पवह्या आल्या. अक्षर निराळे, मजकूर एकच. नदीपर्यंत कोणीही गेलेले नव्हते, आणि मीही गेलो नव्हतो. सर्व वह्यांवर मी सही केली.

याच विषयाचा खरा पाठ किती साध्या गणिताने देता येतो ते पाहावे. एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे दहा घनमीटर, अर्थात दहा हजार लिटर पाणी पडले. अवर्षणप्रवण भागातील एक हजार हेक्टरांचे गाव घेऊ आणि पाऊस ४०० मिलिमीटर धरू. म्हणजे शिवारावर पडलेले पाणी ४० लाख घनमीटर. महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या कातळाचा. त्यात पाणी फारसे मुरत नाही. दहावा हिस्सा मुरला असे मानले तर ४ लाख घनमीटर हाती लागले. गावची वस्ती दोन हजार आणि माणशी रोज ५५ लिटर पाणी धरले, तर पिण्या-वापरण्यासाठी वर्षाला सुमारे ४० हजार घनमीटर जातात. जनावरे तूर्त बाजूला ठेवू. उरले ३ लाख ६० हजार. उसाला हेक्टरी ढोबळमानाने वीस हजार घनमीटर पाणी लागते. म्हणजे ऊस झाला तर फक्त अठरा हेक्टर. हेक्टरी चार हजारांत भागणारी पिके घेतली तर नव्वद हेक्टर भिजतात. अकरावीच्या मुलाला जमेल असा हा हिशेब आहे. मात्र 'दहावा हिस्सा मुरला' हे मी येथे केवळ गृहीत धरले. प्रत्यक्षात तो आकडा काढावयाचा तर विहिरींची पातळी पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर मोजावी लागते, खडक ओळखावा लागतो, अनेक वर्षांच्या नोंदी ठेवाव्या लागतात. तेथे शास्त्र सुरू होते.

आणि ते तेथे संपत नाही. अठरा हेक्टर की नव्वद, आणि ते कोणाचे, हे ठरविणे खडकाच्या हाती नसते. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे या अभियंता-कारखानदाराने पुरंदर तालुक्यातील नायगावी पाणी पंचायतीचा प्रयोग केला. जमीन किती हे न पाहता घरात माणसे किती हे पाहून, माणशी अर्ध्या एकरास पुरेल एवढे पाणी, भूमिहीनालाही वाटा, आणि ऊस वर्ज्य. नगर जिल्ह्यातील हिवरे बाजार येथे पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली गाव दर वर्षी पावसाचे मोजमाप करून पिकांचा ताळेबंद मांडते. या गावांनी शाश्वतता विज्ञानाची पदवी घेतलेली नव्हती. एलिनॉर ऑस्ट्रॉम या राज्यशास्त्राच्या विदुषीने १९६५ साली कॅलिफोर्नियातील एका भागाच्या भूजलाचा वाद हाच प्रबंधाचा विषय केला. अतिउपशामुळे समुद्राचे खारे पाणी आत शिरू लागले असता तेथील लोकांनी उपशावर मर्यादा कशी घातली, हे त्यांनी तपासले. सामायिक साधनांच्या व्यवस्थेवरील अशाच कामासाठी २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आमच्या शास्त्राच्या वर्गात त्यांचे नाव परीक्षेत येत नाही म्हणून शिकविले जात नाही, हे जाता जाता नमूद करतो.

आता नोकरीचे. या क्षेत्रातील बहुतेक नोकऱ्या निसर्गप्रेमातून नव्हे, तर कायद्यातून निर्माण झालेल्या आहेत. ऊर्जा संवर्धन अधिनियम २००१ साली झाला. मोठ्या ऊर्जाग्राहक कारखान्यांना ऊर्जेचे लेखापरीक्षण करून घेणे भाग पडले, आणि राष्ट्रीय परीक्षा उत्तीर्ण झालेले ऊर्जा लेखापरीक्षक हा नवा पेशा उभा राहिला. मोठ्या प्रकल्पांच्या पर्यावरणीय परिणामांचे मूल्यमापन १९९४ च्या व नंतर २००६ च्या अधिसूचनेने आवश्यक ठरविले. त्या अहवालासाठी हवा, पाणी, भूशास्त्र, जीवशास्त्र आणि समाज-अर्थव्यवस्था यांचे जाणकार लागतात. सेबीने २०२२-२३ पासून शेअर बाजारातील पहिल्या एक हजार कंपन्यांना आपल्या पर्यावरणीय व सामाजिक वर्तनाचा विहित नमुन्यात अहवाल देणे बंधनकारक केले. युरोपीय संघाने १ ऑक्टोबर २०२३ पासून पोलाद, सिमेंट, ॲल्युमिनियम, खते अशा आयात मालाबरोबर तो तयार होताना किती कार्बन हवेत गेला याचा हिशेब मागावयास सुरुवात केली, आणि १ जानेवारी २०२६ पासूनच्या मालावर त्याचे पैसेही मोजावे लागणार आहेत. साधा पोलादी नट-बोल्टही त्यातून सुटलेला नाही. तेव्हा निर्यात करणाऱ्या लहान कारखानदाराला विजेची बिले, कोळशाच्या पावत्या आणि उत्पादनाची वही एकत्र जुळवून देणारा माणूस हवा आहे. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने येथे कान टवकारावेत.

या सर्व कामांत एक गोष्ट समान आहे. प्रत्येक ठिकाणी कोणीतरी काहीतरी मोजावयाचे आहे, आणि ज्याला एकही मोजमाप पक्के येत नाही त्याला केवळ दृष्टिकोनावर पगार मिळत नाही. भारतीय वनसेवेच्या पात्रतेचे नियम पाहावेत. वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, रसायन, भूशास्त्र, गणित, भौतिकी, संख्याशास्त्र, पशुवैद्यक यांपैकी एखाद्या विषयासह पदवी हवी, अथवा कृषी, वनशास्त्र किंवा अभियांत्रिकीची पदवी हवी. पर्यावरणशास्त्राचे नाव त्या यादीत नाही. हे योग्य की अयोग्य यावर वाद होऊ शकेल. परंतु फी भरण्यापूर्वी ते ठाऊक असावे. माधव गाडगीळ यांचा पश्चिम घाटावरील २०११ चा अहवाल सर्वतोमुखी झाला. त्यांनी फर्ग्युसनमध्ये जीवशास्त्र केले आणि हार्वर्डमध्ये गणिती परिसरशास्त्र. व्यापक दृष्टी त्या पायावर उभी राहिली. म्हणून माझे मत असे, की पदवीला एक मूळ विषय घट्ट करावा आणि टिकाऊपणाचे शास्त्र पदव्युत्तर पातळीवर घ्यावे.

या पेशांतील एक गैरसोय तरुणांपासून लपवू नये. परिणामांचा अहवाल लिहिणाऱ्या सल्लागारास मेहनताना देतो तो प्रकल्पाचा मालकच. विद्यार्थ्याच्या पालकाने परीक्षकाचा पगार द्यावा, तसाच हा प्रकार आहे. प्रामाणिक माणसाची येथे रोज परीक्षा होते, आणि कधी कधी त्याला ती नोकरी सोडून द्यावी लागते.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. ज्या कामाची या राज्यास सर्वाधिक निकड आहे त्या कामाला कायम पगार नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्याकडे १९७२ पासून आहे. भूजलाचा अधिनियम २००९ चा. त्यात साठ मीटरहून खोल विहिरींवर निर्बंध आहेत. डिसेंबर २०१९ मध्ये केंद्राची अटल भूजल योजना आली आणि तीत महाराष्ट्रही होता. तथापि योजनेसाठी नेमलेली माणसे बहुधा योजनेच्या मुदतीपुरतीच असतात. मुदत सरली की माणूस जातो आणि नोंदींची वही कपाटात जाते. गावाला तलाठी आहे, ग्रामसेवक आहे. विहिरीची पातळी मोजून ग्रामसभेत ताळेबंद वाचून दाखविणारा पगारी जलसेवक मात्र नाही. चार-पाच गावांमागे एक असा माणूस नेमला तर विज्ञान पदवीधरांना कामही मिळेल, आणि प्रत्येक गावाला हिवरे बाजारसारखा सरपंच लाभण्याची वाट पाहावी लागणार नाही.

त्या गृहस्थांना मी एवढेच सांगितले, की मुलाला आपल्याच शहरात भूशास्त्र घेऊन बी.एस्सी. करू द्या, जोडीला संख्याशास्त्र असू द्या, आणि वाचलेले पैसे पुढच्या पदवीसाठी ठेवा. मुलगा तोवर गप्प होता. निघताना त्याने विचारले, की विहिरीची पातळी मोजतात तरी कशाने? वजन बांधलेल्या मोजपट्टीने, मी म्हटले. आमच्या महाविद्यालयाच्या आवारात एक जुनी विहीर आहे, झाकण घालून ठेवलेली. येत्या रविवारी ते उघडण्याची परवानगी मी प्राचार्यांकडे मागितली आहे.