बाळाचे तोंड मागेच असू द्या
‘कन्व्हर्टिबल’ कार सीट निवडताना डब्यावरील वयापेक्षा किलो आणि सेंटिमीटर पाहा

शनिवारी सकाळी मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरील खालापूरच्या टोलनाक्यावर दहा मिनिटे उभे राहिले, तरी एक दृश्य हमखास दिसते. पुढच्या आसनावर आई, तिच्या मांडीवर सात-आठ महिन्यांचे बाळ आणि सीट बेल्टचा पट्टा एक तर लावलेलाच नाही किंवा मायलेकरांना मिळून एकच ओढून घेतलेला. बाळ काचेवर हात आपटत खुशीत असते. आईवडीलही निर्धास्त असतात, कारण आईच्या मांडीइतकी सुरक्षित जागा दुसरी नाही, ही आपली पिढ्यान्‌पिढ्यांची श्रद्धा. घरात ती खरीच आहे. धावत्या मोटारीत मात्र ती साफ खोटी ठरते.

हिशेब साधा आहे. ताशी ५० किलोमीटर वेगातील गाडी एखाद्या भिंतीवर आदळणे म्हणजे सुमारे दहा मीटर उंचीवरून, अर्थात इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरून खाली पडणे. गाडी अर्ध्या ते पाऊण मीटरच्या अंतरात थांबली, तर दहा किलो वजनाच्या बाळाला धरून ठेवण्यासाठी हातांना सव्वाशे ते दोनशे किलोंचा भार पेलावा लागतो, तोही डोळ्याचे पाते लवण्याआधी. कोणत्याही आईला वा बापाला हे शक्य नाही. दोघांवरून एकच पट्टा घेतला असेल, तर आईच्या शरीराचा सगळा भार बाळावर येतो आणि बाळ पट्ट्यात चिरडले जाते. त्यात समोर एअरबॅग असेल तर बोलायलाच नको. द्रुतगती मार्गाच्या सपाट भागात वेगमर्यादा ताशी १०० किलोमीटर आहे आणि समृद्धी महामार्गावर १२०. वेग दुप्पट झाला की धडकेचा जोर दुप्पट नव्हे, चौपट होतो.

कायद्याने या बाबीची दखल घेतली आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीने कलम १९४-ब आले. चौदा वर्षांखालील मुलाला सीट बेल्ट किंवा बाल-आसनाने सुरक्षित न करता गाडी चालविल्यास एक हजार रुपये दंड, अशी त्यात तरतूद आहे. परंतु कोणत्या वयाच्या मुलाला कोणते आसन आणि ते कोणत्या दिशेने बसवायचे, याविषयी हे कलम मौन बाळगते. त्यामुळे दुकानात किंवा संकेतस्थळावर सीट निवडण्याचा प्रसंग येतो, तेव्हा पालक एकटे पडतात. समोर आठ-दहा हजारांपासून तीस-चाळीस हजारांपर्यंतच्या सीटांची रांग असते. प्रत्येक डब्यावर हसरे बाळ असते आणि बहुतेकांवर ‘कन्व्हर्टिबल’ हा शब्द असतो.

छप्पर उघडणाऱ्या मोटारीलाही कन्व्हर्टिबल म्हणतात. इथे त्याचा संबंध नाही. जी सीट आधी बाळाचे तोंड गाडीच्या मागच्या बाजूकडे ठेवून आणि मूल वाढल्यावर समोर तोंड करून, अशी दोन्ही प्रकारे बसविता येते, ती कन्व्हर्टिबल. नवजात बाळासाठी मिळणारी, मुठीने उचलून नेता येणारी टोपलीवजा सीट साधारण वर्षभरात, कधी त्याआधीच लहान पडते. मग दुसरी घ्यावी लागते. हा दुहेरी खर्च टाळण्यासाठी आपल्याकडे बहुतेक जण सुरुवातीपासूनच कन्व्हर्टिबल घेतात, आणि ते व्यवहाराला धरूनही आहे. घोटाळा होतो तो पुढे. सीट दोन्ही दिशांना बसते म्हटल्यावर बाळ बसू लागताच तिची दिशा बदलण्याची घाई होते. ‘त्यालाही समोरचे दिसू दे’ हे कारण बहुधा आजी-आजोबांकडून येते.

मान हाच कच्चा दुवा

नवजात बाळाचे डोके त्याच्या एकूण लांबीच्या सुमारे एक चतुर्थांश असते. मोठ्या माणसात हे प्रमाण सातव्या-आठव्या हिश्श्यावर येते. हा भार पेलणारे मानेचे मणके बाल्यात पूर्ण हाडाचे झालेले नसतात. त्यांचे भाग कूर्चेने जोडलेले असतात आणि ते पक्के व्हायला काही वर्षे लागतात. समोरून धडक बसली की समोर तोंड करून बसलेल्या मुलाचे धड पट्टे धरून ठेवतात, पण डोके पुढे झेपावते आणि सगळा ताण मानेवर, आतील मज्जारज्जूवर येतो. तोंड मागे असेल तर डोके, मान आणि पाठ एकदमच सीटच्या पाठीत दाबली जातात. आघात पसरतो आणि मान ताणली जात नाही. गंभीर अपघातांत समोरून होणाऱ्या धडकांचे प्रमाण मोठे असल्याने हा फरक जीवनमरणाचा ठरतो.

ही कल्पना आजची नाही. स्वीडनमधील प्राध्यापक बर्टिल आल्डमन यांना अंतराळवीर उड्डाणाच्या वेळी पाठीवर भार घेऊन बसतात, हे पाहून ती सुचली. मागे तोंड असलेल्या सीटच्या पहिल्या नमुन्याची चाचणी १९६४ मध्ये व्होल्वोच्या गाडीत झाली. स्वीडनमध्ये मुले चार वर्षांची होईपर्यंत अशीच बसतात. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०११ मध्ये किमान दोन वर्षांपर्यंत तोंड मागे ठेवण्याची शिफारस केली होती. २०१८ मध्ये तिने ही वयाची अट काढून टाकली आणि सीटची वजन-उंचीची मर्यादा संपेपर्यंत, म्हणजे शक्य तितका काळ, तोंड मागेच ठेवावे असे सांगितले.

म्हणूनच कन्व्हर्टिबल सीट घेताना पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न एकच: ही सीट मागे तोंड करून किती किलोंपर्यंत आणि किती सेंटिमीटरपर्यंत चालते?

याचे उत्तर डब्याच्या दर्शनी भागावर क्वचितच असते. तिथे ‘० ते २५ किलो’ किंवा ‘० ते ७ वर्षे’ असे ठळक अक्षरांत लिहिलेले असते. तो दोन्ही दिशांचा एकत्रित आकडा. मागे तोंड करण्याची मर्यादा आतल्या पुस्तिकेत किंवा सीटच्या कडेला लावलेल्या पट्टीवर सापडते. ती कुठे १० किलो असते, कुठे १३ आणि कुठे १८. या आकड्यांचा अर्थ जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढीच्या तक्त्याशी ताडून पाहिला की उलगडतो. तक्त्यानुसार वर्षाच्या मुलाचे मध्यम वजन ९.६ किलो आणि मुलीचे ८.९ किलो असते. दोन वर्षांचे अनुक्रमे १२.२ आणि ११.५ किलो. म्हणजे दहा किलोंची मर्यादा असलेली सीट पहिल्या वाढदिवसानंतर थोड्याच काळात बाद होते. तेरा किलोंची सीट साधारण अडीच वर्षे साथ देते. अठरा किलोंची असेल तर चार वर्षांपर्यंत वजनाची चिंता नाही. तिथे उंची आधी संपते. किमतीत दोन-तीन हजारांचा फरक असेल, तर तो मऊ गादीसाठी किंवा कप ठेवण्याच्या खाचेसाठी न देता या आकड्यासाठी द्यावा.

सीटवरील प्रमाणपत्राची नारिंगी पट्टीही वाचावी. ‘आर-४४’ हे युरोपचे जुने प्रमाणक वजनावर चालते. भारताचे एआयएस-०७२ त्याच धर्तीवर बेतलेले आहे. आर-४४ नुसार बाळ नऊ किलोंचे झाले की त्याचे तोंड पुढे करण्यास मुभा आहे. मुभा, सक्ती नव्हे. पण विक्रेते अनेकदा ती सक्तीसारखी सांगतात. २०१३ पासून लागू झालेले ‘आर-१२९’ हे नवे प्रमाणक उंचीवर चालते. त्यात बाजूने बसणाऱ्या धडकेचीही चाचणी असते आणि १५ महिन्यांपर्यंत तोंड मागे ठेवणे बंधनकारक आहे. या प्रमाणकाच्या काही सीटा १०५ सेंटिमीटरपर्यंत मागे तोंड करून चालतात. मध्यम उंचीच्या मुलाला हा टप्पा गाठायला चार वर्षे उलटतात. निवड करायची झाल्यास आर-१२९ ला पसंती द्यावी.

आणखी एक टोक आहे, ते म्हणजे अगदी लहान बाळाचे. आपल्याकडे अडीच किलोंहून कमी वजनाची बाळे कमी नाहीत. ‘जन्मापासून’ असे लिहिलेल्या सीटमध्येही खांद्यावरील पट्ट्यांची सर्वांत खालची खाच अशा बाळाच्या खांद्याच्या वर येऊ शकते. तसे असेल तर ती सीट त्या बाळासाठी अद्याप मोठी आहे. सीटसोबत आलेली छोटी गादी वापरावी; बाजारातून वेगळी आणून खाली-मागे कोंबू नये.

सीट चांगली, पण आपल्या गाडीत?

मागे तोंड केलेली सीट तिरकी बसते, त्यामुळे ती लांबीला जास्त जागा घेते. छोट्या हॅचबॅकमध्ये पुढचे आसन इतके पुढे सरकवावे लागते, की उंच चालकाचे गुडघे डॅशबोर्डला टेकतात. त्यामुळे शक्य असेल तर सीट गाडीत लावून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. काही गाड्यांत मागचा पट्टाच अपुरा पडतो, हेही तेव्हाच कळते. मागच्या मधल्या जागेवर जुन्या गाड्यांत फक्त कमरेचा पट्टा असतो. तीन ठिकाणी अडकणारा पट्टा हवा असणारी सीट तिथे लावू नये.

नव्या गाड्यांत ‘आयसोफिक्स’ची सोय असते. मागच्या आसनाची बैठक आणि पाठ जिथे मिळतात, त्या फटीत बोटे घातली की धातूच्या कड्या लागतात. सीटच्या दांड्या त्यात खटकन बसतात आणि पट्ट्याची कटकट राहत नाही. मात्र दोन कड्यांनी काम संपत नाही. सीट पुढे झुकू नये म्हणून तिसरा आधार लागतो: एक तर सीटमागून जाणारा वरचा पट्टा किंवा गाडीच्या तळाला टेकणारा पाय. ज्या गाडीत पायाखाली सामान ठेवण्याचा पोकळ कप्पा असेल तिथे हा पाय टेकवण्यापूर्वी गाडीची पुस्तिका पाहणे आवश्यक आहे. पट्ट्याने नीट बांधलेली सीट आयसोफिक्सहून कमी प्रतीची नसते. फक्त ती चुकीची बांधली जाण्याची शक्यता अधिक. आर-४४ च्या सीटवर पट्टा कुठून न्यायचा याच्या खुणा रंगांत असतात. मागे तोंड असताना निळी, पुढे तोंड असताना लाल. बांधून झाल्यावर पट्टा जिथून जातो तिथे सीट धरून हलवावी. ती इंचभराहून जास्त हलता कामा नये.

इथे परदेशातील नातलगांचा विषय काढणे भाग आहे. मामा किंवा आत्या अमेरिकेहून येताना सीट घेऊन येते, आणि ती चांगलीही असते. पण अमेरिकेतील गाड्यांचा सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढला की जागच्या जागी अडकून बसतो आणि तिथल्या सीटा त्या हिशेबाने बांधल्या जातात. आपल्याकडील अनेक गाड्यांच्या पट्ट्यांत ही सोय नसते. मग पट्टा वरकरणी घट्ट दिसतो आणि दोन वळणांनंतर सैल पडतो. अशा सीटमध्ये पट्टा अडकविण्याचा स्वतःचा चाप आहे का, हे पाहूनच ती मागवावी. तिच्यावरील मर्यादा पौंडांत असतात, हेही ध्यानात असू द्यावे. ४० पौंड म्हणजे १८ किलो.

भारत एनकॅप या २०२३ पासूनच्या चाचणीत गाड्यांना बालप्रवाशांच्या सुरक्षेसाठी वेगळे तारे मिळतात. त्या चाचणीत दीड आणि तीन वर्षांच्या मुलांएवढे पुतळे बाल-आसनांतच बसविलेले असतात. म्हणजे पंचतारांकित गाडी घेऊन बाळ मांडीवर ठेवले, तर त्या ताऱ्यांचा बाळाला उपयोग शून्य.

पट्टे, पाय आणि रडणे

बाळ सीटमध्ये बसविल्यावर खांद्याचे पट्टे इतके घट्ट हवेत, की खांद्याजवळ पट्ट्याची चुणी चिमटीत येऊ नये. तोंड मागे असताना पट्टे खांद्याच्या पातळीवर किंवा किंचित खालून निघावेत. तोंड पुढे असताना पातळीवर किंवा किंचित वरून. दुपटे, शाल पट्ट्यांच्या आत नको, वरून पांघरावी. उन्हात उभ्या गाडीत बकलाचा धातू चांगलाच तापतो, तेव्हा बसविण्यापूर्वी हात लावून पाहावा. पुढच्या आसनावर एअरबॅग चालू असताना मागे तोंड केलेली सीट कदापि लावू नये. उघडणारी एअरबॅग नेमकी बाळाच्या डोक्यामागेच सीटवर आदळते.

दीड वर्षाच्या मुलाचे पाय मागच्या आसनाला टेकतात आणि दुमडतात. हे पाहून पालकांचा जीव कळवळतो आणि सीट फिरविली जाते. पाय दुमडणे हे सीट लहान झाल्याचे लक्षण नाही. मुले जमिनीवर मांडी घालून तासन्‌तास बसतातच. मर्यादा बघायची ती डोक्याची. सीटच्या वरच्या कडेखाली निदान इंचभर जागा उरली आहे आणि वजन मर्यादेत आहे, तोवर सीट लहान नाही.

राहिला रडण्याचा प्रश्न. पहिले काही प्रवास बाळ रडणार, हे गृहीत धरावे. गणपतीला कोकणात जाताना पहिल्यांदाच सीट लावली तर पनवेल सोडण्याआधीच सगळ्यांचा धीर सुटतो आणि बाळ मांडीवर येते. त्याऐवजी आधी आठ-पंधरा दिवस घराजवळच्या फेऱ्यांतून सवय लावावी. लांबच्या प्रवासात साधारण दर दोन तासांनी, आणि बाळ अगदी लहान असेल तर त्याहून लवकर, गाडी थांबवून बाळाला बाहेर काढावे. मुक्कामी पोहोचल्यावर झोपलेले बाळ सीटमध्येच ठेवून देऊ नये. मान पुढे पडून श्वास कोंडण्याचा धोका असतो.

मोठ्या भावंडाची किंवा शेजाऱ्यांची सीट मिळत असेल, तर तिच्या तळाशी कोरलेली निर्मितीची तारीख पाहावी. उन्हातान्हात प्लॅस्टिक आणि पट्टे कमजोर होतात, म्हणून बहुतेक कंपन्या सहा ते दहा वर्षांची मुदत देतात. अपघातातून गेलेली सीट वरून धडधाकट दिसली तरी घेऊ नये, आणि इतिहास ठाऊक नसलेली तर फुकटही नको.