सायबर सुरक्षा शिकवायची कशी? पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या वर्गातील अनुभव

गेल्या वर्षी आमच्या अभ्यासिकेत येणाऱ्या एम. कॉम.च्या एका विद्यार्थ्याचे बँक खाते अचानक गोठवले गेले. चौकशी केली तेव्हा कळले, की ओळखीतल्या एकाने "चार दिवस तुझं खातं वापरू दे, तीन हजार देतो" असे सांगून त्याच्याकडून एटीएम कार्ड आणि सिमकार्ड घेतले होते. दुसऱ्या राज्यात कोणाची तरी फसवणूक झाली आणि ती रक्कम या खात्यातून फिरली. शिष्यवृत्तीही याच खात्यात जमा होणार होती, तीही अडकली. वडील बांधकामावर मजुरी करणारे. मुलगा चोर नव्हता, पण पोलिसांच्या कागदावर नाव त्याचेच होते.

या मुलाला टॅली येत होते, इंटरनेट येत होते. पण आपले खाते दुसऱ्याला वापरायला देणे म्हणजे गुन्ह्यात सामील होणे, हे त्याला कोणत्याही वर्गात कोणी सांगितले नव्हते. त्यानंतर आम्ही काही जणांनी, म्हणजे आयटी क्षेत्रात काम करणारे, प्राध्यापक आणि वकील अशा मित्रांनी, पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी रविवारचा वर्ग सुरू केला. विद्यापीठ अनुदान आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये पदवी आणि पदव्युत्तर अशा दोन्ही स्तरांसाठी सायबर सुरक्षेचा अभ्यासक्रम जाहीर केलेला आहे. प्रश्न अभ्यासक्रमाचा नसून तो शिकवण्याचा आहे.

व्याख्येपासून नको, घटनेपासून सुरुवात करा

पहिल्या दिवशी फळ्यावर व्हायरस, मालवेअर, फिशिंग यांच्या व्याख्या लिहिल्या की मुले त्या वहीत उतरवून घेतात आणि विसरतात. म्हणून आम्ही पुण्याच्या कॉसमॉस बँकेवरील हल्ल्यापासून सुरुवात करतो. ऑगस्ट २०१८ मध्ये या बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये लुटले गेले. ११ ऑगस्टला काही तासांत बनावट कार्डे वापरून २८ देशांतील एटीएममधून पैसे काढले गेले. भारतातही अनेक ठिकाणी काढले गेले. १३ ऑगस्टला आणखी सुमारे १४ कोटी रुपये स्विफ्ट यंत्रणेतून हाँगकाँगच्या एका खात्यात पाठवले गेले.

हे घडले कसे? एटीएममध्ये कार्ड टाकले की "या खात्यात पैसे आहेत का" हा प्रश्न स्विच नावाच्या यंत्रणेमार्फत बँकेच्या मुख्य प्रणालीकडे जातो. हल्लेखोरांनी मध्येच एक खोटा स्विच उभा केला. प्रश्न मुख्य प्रणालीपर्यंत पोहोचलाच नाही, खोटा स्विचच "हो, पैसे द्या" असे उत्तर देत राहिला. आम्ही हा सगळा प्रवास फळ्यावर काढतो आणि विद्यार्थ्यांना विचारतो, यात तपासणी कुठे कुठे असायला हवी होती? एका तासात मुले स्वतःच सांगू लागतात: सुट्टीच्या दिवशीही नजर हवी, एकाच वेळी अनेक देशांतून पैसे निघाले तर इशारा मिळायला हवा, एका यंत्रणेच्या होकारावर विसंबता कामा नये. पाठ्यपुस्तकातले धडे मग वेगळे शिकवावे लागत नाहीत.

या घटनेतला आणखी एक भाग आम्ही मुद्दाम सांगतो. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने या प्रकरणात ११ जणांना दोषी ठरवले. त्यात एटीएमसमोर उभे राहून पैसे काढणारे होते. योजना आखणारा दूर बसतो, पण कॅमेऱ्यात चेहरा दिसतो तो कमिशनवर राबणाऱ्याचा. खाते भाड्याने देणाऱ्याचेही तेच होते.

हाताने करू द्या, पण परवानगीने

पोहणे जसे काठावर बसून येत नाही, तसाच हा विषय आहे. विद्यार्थ्यांना हल्ला कसा होतो ते करून पाहू द्यावे लागते. त्यासाठी महागडी प्रयोगशाळा लागत नाही. एका बऱ्यापैकी लॅपटॉपवर आभासी संगणक तयार करता येतो आणि त्यात काली लिनक्स, वायरशार्क अशी मोफत साधने चालतात. वेबगोटसारखी मुद्दाम कच्ची ठेवलेली संकेतस्थळे सरावासाठीच बनवलेली असतात. हा सराव इंटरनेटपासून तोडलेल्या जाळ्यातच करायचा.

साधन हातात देण्याआधी कायदा शिकवायचा, हा आमचा नियम आहे. दुसऱ्याच्या संगणकात परवानगीशिवाय शिरणे माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ मध्ये येते. तेच कृत्य अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीच्या हेतूने केले तर कलम ६६ नुसार तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. "सहज बघत होतो" हे कोणी ऐकून घेत नाही. म्हणून लेखी परवानगी असल्याशिवाय कोणत्याही यंत्रणेला हात लावायचा नाही. कॉलेजच्या संकेतस्थळालाही नाही.

हा फक्त कॉम्प्युटरवाल्यांचा विषय नाही

आमच्या वर्गात समाजकार्य, समाजशास्त्र आणि कायद्याचे विद्यार्थीही येतात. त्यांच्यापैकी अनेक जण प्रबंधासाठी गावोगाव फिरून मुलाखती घेतात. अत्याचाराच्या प्रकरणातील पीडित आणि साक्षीदार त्यांच्याशी विश्वासाने बोलतात. ते रेकॉर्डिंग, ती नावे, ते पत्ते कुठे असतात? बहुतेकदा मोबाईलमध्ये, कुलूप नसलेल्या फोल्डरमध्ये, नाहीतर व्हॉट्सअपच्या ग्रुपवर. फोन हरवला तर साक्षीदाराच्या जिवावर बेतू शकते.

म्हणून त्यांना आम्ही चार गोष्टी करून दाखवतो. नावांऐवजी सांकेतिक क्रमांक वापरायचे आणि नाव-क्रमांकांची यादी वेगळी ठेवायची. फोन आणि लॅपटॉपची साठवण कूटबद्ध करायची. प्रत्येक खात्याला वेगळा पासवर्ड आणि दुहेरी पडताळणी ठेवायची. आणि काम संपले की नको असलेली माहिती खरोखर पुसायची. संशोधनातील प्रामाणिकपणात हेही येते.

घडल्यावर काय?

प्रत्येक सत्राच्या शेवटी एक सराव असतो: "आत्ता तुमच्या खात्यातून पैसे गेले, पहिल्या दहा मिनिटांत काय कराल?" उत्तर पाठ असायला हवे. १९३० या क्रमांकावर फोन, बँकेला कळवणे, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार, आणि मेसेज-स्क्रीनशॉट न पुसता जपून ठेवणे. जितका उशीर, तितकी रक्कम पुढच्या खात्यांत सरकत जाते. पुढे नोकरी करणाऱ्यांसाठी हेही सांगतो, की सर्ट-इनच्या २०२२ च्या निर्देशांनुसार संस्थांना सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते. लाजेपोटी घटना लपवण्याची सवय विद्यार्थीदशेतच मोडली पाहिजे.

सुरुवातीला सांगितलेल्या त्या मुलानेही घरी तीन आठवडे काहीच सांगितले नव्हते. आज नव्या तुकडीच्या पहिल्या वर्गात तो स्वतः उभा राहतो आणि आपली हकिकत सांगतो. आमच्या कोणत्याही व्याख्यानापेक्षा मुले ती अधिक लक्ष देऊन ऐकतात. आपल्या वस्तीतल्या अभ्यासिकेत असा वर्ग सुरू करायला एक फळा, एक लॅपटॉप आणि रविवारचे दोन तास पुरतात.