अवेळीं पडलेलें हिम

आल्प्स पर्वतांत एप्रिलच्या अखेरीस हिवाळ्याचा हिशेब पुरा झाला असें सर्वजण धरून चालतात. खोऱ्यांतील कुरणें हिरवीं होऊं लागतात, वितळत्या हिमाच्या कांठाकांठानें केशराच्या जातीचीं पांढरीं-जांभळीं फुलें डोकें वर काढतात, आणि हिवाळी पाहुण्यांचीं हॉटेलें दारें-खिडक्या लावून घेतात. मग एखाद्या सायंकाळीं वारा वायव्येकडे फिरतो, पारा भराभर उतरतो, आणि दुसऱ्या दिवशीं उजाडतांना कुरणांपासून शिखरांपर्यंत सारें पुन्हां पांढरें झालेलें असतें. आपल्याकडे ज्या दिवसांत वळवाचे ढग जमतात व गारा पडतात, त्याच दिवसांत तिकडे हा प्रकार घडतो. तेथील शेतकऱ्यांस तो इतका परिचयाचा आहे कीं, ११ ते १५ मे या दिवसांच्या ख्रिस्ती संतांना त्यांनीं ‘बर्फाचे संत’ असेंच नांव देऊन ठेवलें आहे. हे संत एकदां पाठमोरे होईपर्यंत फळबागेचा धनी निर्धास्त होत नाहीं.

शेतकरी ज्या हिमाच्या नांवानें बोटें मोडतो, त्याच हिमाची वाट पहाणारी मंडळीहि त्याच खोऱ्यांत असते. पायांस लांब, अरुंद फळ्या बांधून उतारावरून घसरत येण्याचा स्कीचा खेळ ज्यांच्या अंगीं मुरला आहे, अशांना वसंतांतील हें ताजें हिम म्हणजे हिवाळ्यानें जातां जातां हातावर ठेवलेलें बक्षीसच वाटतें. तें बक्षीस खरें आहे. परंतु त्याला मुदत असते, आणि ती मुदत दिवसांची नसून तासांची असते. ती कशानें ठरते, हें समजावयास हिम म्हणजे काय तें थोडें पाहिलें पाहिजे.

मराठींत आकाशांतून पडणाऱ्या भुसभुशीत पदार्थालाहि बर्फ म्हणतात, आणि सरबतांत टाकावयाच्या खड्यालाहि बर्फच म्हणतात. येथें पहिल्यास हिम व दुसऱ्यास बर्फ म्हणणें सोयीचें, कारण साऱ्या विषयाचें मर्म या दोहोंमधील अंतरांतच आहे. घनमीटरभर बर्फाचें वजन सुमारें ९१७ किलोग्रॅम भरतें. नुकत्याच पडलेल्या कोरड्या हिमाचें पन्नास ते शंभर. म्हणजे ताज्या हिमांत नऊ भाग हवा आणि एक भाग बर्फ असा प्रकार असतो. त्याच्या सहा हातांच्या नाजूक चांदण्या एकमेकींत अडकून हवेला कोंडून धरतात. पण जमिनीवर आल्याक्षणापासून या चांदण्यांचीं टोकें झिजूं लागतात, त्यांचे गोल कण होतात, कण जवळ येतात व थर खचतो. वसंतांत तर दिवसा वितळणें आणि रात्रीं गोठणें असें चक्रच सुरू होतें. कांहीं आठवड्यांत सगळ्या हिमाचे जाड्या मिठाएवढे खडे होतात. पहाटे हा थर दगडासारखा असतो, दहाच्या सुमारास त्याचा वरचा बोटभर भाग मऊ होतो, आणि दुपारीं पाय गुडघ्यापर्यंत रुततो.

या कणीदार हिमाची गोडी इंग्रज मंडळींना पटवून देणाऱ्यांत आर्नल्ड लन हा अग्रणी होता. त्याचा जन्म १८८८ सालीं आपल्या मद्रासेंत झाला. त्याचा बाप तेथें मिशनरी होता. स्की म्हणजे जानेवारीचा खेळ, ही समजूत रूढ असतां लन मे-जूनपर्यंत पर्वत सोडीत नसे. १९१७ च्या जून महिन्यांत जोसेफ क्नूबेल या वाटाड्यासह तो स्कीच्या साह्यानें साडेचार हजार मीटरांहून उंच अशा डोम शिखरावर जाऊन आला. वसंतांतील हिमावर जाणारानें नकाशाइतकाच घड्याळाकडेहि डोळा ठेवावयाचा असतो, हा धडा अशाच भटकंतींतून घडत गेला.

आतां या कठीण, कणीदार पाठीवर अवचित नवा थर येऊन पडतो, तेव्हां सारें महत्त्व वादळाच्या क्रमाला असतें. वादळ उबदार सुरू होऊन थंडींत संपलें, तर पहिलें ओलसर हिम जुन्या पाठीला लगदा चिकटावा तसें चिकटतें, आणि त्यावर उत्तरोत्तर हलकें हिम पडत जातें. खालीं घट्ट, वर पिंजलेल्या कापसासारखें, अशी ही रचना घसरणाऱ्याच्या स्वप्नांतली. क्रम उलटा झाला, म्हणजे हलक्या थरावर जड थर बसला, कीं फळ्या खालीं रुततात, वळतां वळत नाहींत, आणि वरचा थर खालच्यावर पुरता विसंबूनहि रहात नाहीं. वसंतांतील ढगांत आणखी एक पदार्थ तयार होतो: साबुदाण्यासारखे पांढरे, ठिसूळ गोळे. हे गोळे गुळगुळीत पाठीवर घरंगळत जाऊन कड्याच्या पायथ्याशीं सांचतात, आणि पुढें त्यांवर पडलेल्या हिमाखालीं लपून बसतात. वरचा थर मग जणूं गोट्यांवर ठेवलेल्या फळीसारखा होतो.

सारें जुळून आलें म्हणजे मात्र त्या सकाळीसारखी सकाळ जानेवारींतहि मिळत नाहीं, असें जाणते सांगतात, व त्याला कारण आहे. डिसेंबरांतील पहिलें हिम दगडांवर, झुडुपांवर, ओहोळांवर पातळ पडलेलें असतें; फळी खालीं कशावर आपटेल याचा नेम नसतो. मे महिन्यांत उंच उतारांवर खालीं दोन-दोन, तीन-तीन मीटर जुनें हिम घट्ट बसलेलें असतें. खांचखळगे भरून निघालेले, दगड बुजलेले. त्यावर वीतभर नवें हिम पुरतें. घसरणाराचा भार लांब फळ्यांवर वांटला जातो, हिम दबतांना त्यांतील हवा निसटते, आणि वेग वाढेल तसतशा फळ्या होडीसारख्या वर उचलल्या जातात. कठीण पाठीवर फळीची कड खरवडल्याचा जो कर्कश आवाज येतो, तो येथें नाहीं. शरीर एका अंगावरून दुसऱ्या अंगावर कललें कीं वळण आपोआप घेतलें जातें, आणि मागें गुडघ्याएवढा पांढरा धुरळा उडत रहातो. दिवस मोठा, हवा बोचरी नाहीं, उतारावर गर्दी नाहीं.

मग सूर्य वर येतो. एप्रिलच्या पंचविशीला आकाशांतील सूर्याचा मार्ग ऑगस्टच्या मध्यानंतरच्या दिवसांइतकाच उंच असतो. म्हणजे जमिनीवर हिवाळा पसरलेला आणि डोक्यावर भर उन्हाळा, असा हा विपरीत संसार. आरंभीं ताजें हिम स्वतःचें रक्षण करतें, कारण अंगावर पडणाऱ्या प्रकाशापैकीं शेंकडा ऐशीं ते नव्वद भाग तें परत फेकतें. पण वरचे कण एकदां ओलावले कीं तें काळवंडतें, अधिक ऊन पिऊं लागतें, आणि जितकें पितें तितकें अधिक ओलें होतें. पूर्वेकडील उतार सकाळीं लवकरच जड होतात, दक्षिणेकडील त्यामागोमाग. उत्तरेकडे तोंड केलेले उतार कधीं कधीं दुसऱ्या दिवसापर्यंत टिकून रहातात. ओल्या हिमाचीं ढेकळें फळ्यांच्या तळाला चिकटूं लागलीं, कीं आनंद संपला असें समजावें. त्याहून महत्त्वाची खूण म्हणजे उतारावरून आपोआप गडगडत येणारीं हिमाचीं चाकें. रांगोळी गुंडाळत यावी तशीं तीं वाटेंत हिम गुंडाळीत मोठीं होतात. थरांची पकड सुटत चालली, ही ती सूचना.

हिमलोटाची भीति येथूनच सुरू होते. तीस अंशांहून चढ्या उतारांवर ती विशेष. वसंतांतील ताज्या हिमाला ती दोन तऱ्हांनीं असते. वादळानंतरचा पहिला दिवस-दोन दिवस वाऱ्यानें दाबून बसविलेले थर सबंध पाट्यासारखे सुटतात. आणि ऊन तापल्यावर ओलें हिम एका ठिपक्यापासून निघून पंख्यासारखें पसरत खालीं येतें. आल्प्समध्यें १९९३ पासून धोक्याच्या पांच पायऱ्या सर्व देशांनीं एकसारख्या मानल्या आहेत. स्वित्झर्लंडच्या हिमलोट-पत्रकांत वसंतांत एकाच प्रदेशाला सकाळची पायरी वेगळी व दुपारची वेगळी दिलेली आढळते. जी जागा सकाळीं सात वाजतां निर्धोक, तीच एक वाजतां घातक, हें एवढ्यावरून स्पष्ट व्हावें. हिमाखालीं गाडल्या गेलेल्या माणसाला दहा मिनिटांच्या आंत बाहेर काढलें तर तो बहुधा वांचतो. अर्धा तास लोटल्यावर वांचणारे थोडेच. म्हणून जाणारा प्रत्येकजण अंगावर लहानसा रेडिओ-प्रेषक, पाठीवर फावडें आणि शोधाची लांब सळई बाळगतो, आणि एकट्यानें जाणें टाळतो.

परंतु वसंतांत हा सरंजाम घरीं राहण्याचा संभव अधिक. ऋतु संपलेला, तारेवरचे पाळणे बंद, उतारांवर पहारा ठेवणारे व धोक्याचे थर मुद्दाम पाडून टाकणारे कामगार निघून गेलेले. हिवाळ्यांत जो उतार राखलेला असतो, तो आतां रानाइतकाच मोकळा झालेला असतो. दिसतो मात्र पूर्वीसारखाच ओळखीचा. कपडेहि हलके असतात. फ्रान्समधील शामोनीपासून स्वित्झर्लंडमधील झेर्मातपर्यंत हिमनद्यांवरून जाणारी एक प्रसिद्ध वाट आहे. १९११ सालीं ती प्रथम स्कीवरून पुरी करण्यांत आली, आणि आजहि मार्चच्या मध्यापासून एप्रिलच्या अखेरीपर्यंत लोक ती चालतात. या वाटेवर २९ एप्रिल २०१८ या दिवशीं आरोलाच्या पीन्य शिखराजवळ चौदा जण वादळांत सांपडले. वाऱ्यानें व हिमानें पुढचें कांहीं दिसेना. व्हिन्येत येथील निवारा पांचसहाशें मीटरांवर होता, तरी तो सांपडला नाहीं, आणि सर्वांना रात्र उघड्यावर काढावी लागली. त्यांपैकीं सात जणांचा अंत झाला. येथें हिमलोट आला नव्हता. थंडीनें व वाऱ्यानें घात केला. चार-दोन दिवसांनीं ज्या वादळाच्या कृपेनें कोणी तरी धुरळा उडवीत खालीं येणार, त्याच्या पोटांत सांपडणें ही निराळीच गोष्ट.

आपल्या हिमालयांतहि हा खेळ नवा नाहीं. गुलमर्ग येथें १९२७ सालीं इंग्रजांनीं स्की क्लब स्थापन केला. नाताळ व ईस्टर अशा दोन वेळीं त्याचे मेळावे भरत, म्हणजे वसंतांतील हिमाची ओळख तेथेंहि प्रथमपासूनच होती. भूमध्य समुद्राच्या बाजूनें येणारे पश्चिमी विक्षोभ एप्रिलांतहि काश्मीर-हिमाचलाच्या माथ्यावर हिम टाकून जातात. सुटींत तिकडे गेलेल्या मराठी कुटुंबांस अफरवटाच्या उतारावर किंवा रोहतांगच्या घाटांत अनपेक्षितपणें तें भेटतें, आणि मुलें त्यांत लोळून घेतात. पण अक्षांशाचा फरक ध्यानांत घेण्याजोगा आहे. एप्रिलच्या अखेरीस मध्यान्हीं आरोलाचा सूर्य क्षितिजापासून सुमारें सत्तावन अंश वर असतो, गुलमर्गचा जवळ जवळ एकुणसत्तर. तेव्हां आल्प्समध्यें ताज्या हिमाला जो वेळ मिळतो, तेवढाहि येथें मिळत नाहीं. शहाणे वाटाडे पहाटे अंधारांत चढूं लागतात आणि ऊन चढण्यापूर्वींच पायथ्याशीं येतात. त्यांची ही घाई पर्यटकास पुष्कळदां अनाकलनीय वाटते.

तिसऱ्या-चौथ्या दिवशीं नवा थर असा उरतच नाहीं. दिवसा वितळून, रात्रीं गोठून तो जुन्या कणींत मिसळून जातो, आणि पहिल्या सकाळच्या वळणांच्या रेघा, चिखलांत वाळलेल्या गाडीच्या चाकोऱ्यांसारख्या, कठीण होऊन उतारावर रहातात. त्यांवरून जाणारा पहाटे अडखळतो. दहा वाजेतों थांबलें तर त्याहि मऊ होतात.